माफी नेमकी कुणाकडे मागायची?

रमजानचा महिना तीन टप्प्यांत मोजण्याची पद्धत आहे. पहिले दहा दिवस रहमतचे, म्हणजे कृपेचे. मधले दहा मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे. शेवटचे दिवस नरकापासून सुटकेचे. प्रत्येक टप्प्याला अशरा म्हणतात. मधला अशरा लागला की मशिदीत तरावीहच्या नमाजनंतरची दुआ लांबू लागते. दिवसभर हमाली केलेला, दुकानात उभा राहिलेला, रिक्षा चालवलेला माणूस हात पसरून बसलेला असतो आणि आपल्या चुका आठवत असतो. काहींचे डोळे भरून येतात. या महिन्यात क्षमेचे दार सताड उघडे असते, असे इमामसाहेब सांगतात. श्रद्धाळूंचा त्यावर भरवसा असतो आणि तो असायलाच हवा. पण त्या एका दारात सगळ्याच चुकांचा निकाल लागतो का, हा प्रश्न विचारणारे मात्र थोडे.

याच क्षमेच्या अशऱ्यात एकोणिसावा रोजा येतो आणि त्या दिवशी इस्लामच्या इतिहासातला एक मोठा खून घडलेला आहे. हिजरी सन ४०, म्हणजे इसवी सन ६६१. इराकमधल्या कूफा शहराच्या मशिदीत पहाटेच्या वेळी चौथे खलिफा हजरत अली (रजि.) यांच्या डोक्यावर विष लावलेल्या तलवारीचा वार झाला. दोन दिवसांनी, एकवीस रमजानला, ते गेले. मारेकऱ्याचे नाव अब्दुर्रहमान इब्ने मुलजिम. तो दरोडेखोर नव्हता, भाडोत्री मारेकरीही नव्हता. तो पक्का नमाजी होता. ज्या खारिजी गटातून तो आला होता, त्यांच्या इबादतीचा त्या काळी बोलबाला होता. त्यांच्या कपाळावर सजद्याचे घट्टे पडलेले असत, असे जुने इतिहासकार लिहितात. रात्र रात्र कुरआन वाचणारे हे लोक आपल्याशी सहमत नसलेल्या मुसलमानाचे रक्त सांडायला मागेपुढे पाहत नसत.

जखमी झालेल्या अलींनी पुढे काय केले, ते इतिहासात ज्या तऱ्हेने नोंदले गेले आहे, ते थांबून वाचण्यासारखे आहे. कैद्याला उपाशी ठेवू नका, त्याला नीट खायला-प्यायला द्या, असे त्यांनी घरच्यांना बजावले. मी वाचलो तर त्याचे काय करायचे ते मी पाहीन. मेलो तर एका वाराला एकच वार, त्यापुढे नाही. त्याच्या देहाची विटंबना करू नका आणि माझ्या नावावर इतर मुसलमानांचे रक्त सांडत सुटू नका. म्हणजे अन्यायाला शिक्षा हवी, पण शिक्षेलाही माप हवे. ज्याच्यावर वार झाला, तोच हे माप घालून देत होता. मारेकऱ्याजवळ त्याचे धर्मज्ञान होते, पाठांतर होते, माप मात्र नव्हते.

हा खून रमजानच्या पानावर आठवण्याचे कारण केवळ शोक नव्हे. माणसाच्या पापाविषयीची इस्लाममधली पहिली मोठी तात्त्विक चर्चा याच रक्तातून उभी राहिली. खारिजींचे म्हणणे असे होते की, मोठे पाप करणारा माणूस मुसलमान उरतच नाही. मग त्याला मारले तरी हरकत नाही. दुसऱ्या टोकाला मुर्जिया नावाचा गट होता. कोण खरा, कोण खोटा याचा निवाडा अल्लाहवर सोडा, आपण तो करू नये, असे ते म्हणत. बसरा शहरात हसन बसरी नावाचे थोर संत-विद्वान शिकवायला बसत. परंपरेत सांगितले जाते की, त्यांच्याच वर्तुळात हा प्रश्न निघाला तेव्हा वासिल इब्ने अता हा शिष्य म्हणाला, असा पापी ना पूर्ण मुसलमान, ना काफिर, तो दोहोंच्या मधल्या जागी आहे. एवढे बोलून तो उठून दुसऱ्या खांबापाशी जाऊन बसला. जो बाजूला झाला त्याचा पंथ मोतजिला. तर्काला धर्मात मानाचे पान देणारा हा पंथ पुढे दोनशे वर्षे गाजत राहिला.

मोतजिलांचा आग्रह साधा होता. अल्लाह न्यायी आहे, म्हणून माणसाचे कर्म माणसाचेच असले पाहिजे. स्वतःच करवून घ्यायचे आणि वर शिक्षा द्यायची, हे न्यायी ईश्वराला शोभत नाही. मग निष्पाप बाळाच्या दुखण्याचे काय? मुक्या जनावराला होणाऱ्या वेदनेचे काय? त्यांनी उत्तर काढले की, अशा प्रत्येक वेदनेची भरपाई अल्लाह देतो, बाळालाही आणि जनावरालाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या पंडितांनी बैलाच्या पाठीवरच्या फटक्याचा हिशेब ईश्वराच्या वहीत मांडला होता, ही गोष्ट आजही माणसाला चकित करते.

या तर्काला तडा गेला तो तीन भावांच्या गोष्टीने. अबुल हसन अल-अशअरी हे बसऱ्याचेच. चाळीस वर्षांचे होईपर्यंत ते मोतजिला होते. जुब्बाई हे त्यांचे गुरू. शिष्याने गुरूला विचारले, असे सांगतात: तीन भाऊ होते. एक सज्जन म्हणून मेला, एक दुर्जन म्हणून आणि एक लहानपणीच वारला. त्यांचे काय होईल? गुरू म्हणाले, पहिला जन्नतमध्ये, दुसरा जहन्नममध्ये, तिसऱ्याला ना शिक्षा ना मोठे बक्षीस. शिष्य म्हणाला, आणि त्या लहानग्याने विचारले, मला जगू का दिले नाहीस, मीही पुण्य केले असते? गुरू म्हणाले, अल्लाह सांगेल, तू मोठा होऊन पापी झाला असतास, म्हणून तुझ्या भल्यासाठीच तुला आधी उचलले. शिष्य म्हणाला, मग जहन्नममधून दुसरा भाऊ ओरडेल, माझेही पुढचे तुला ठाऊक होते, मग मला का नाही लहानपणी उचललेस? गुरू गप्प झाले.

अशअरींनी मोतजिलांचा पंथ सोडला. ते परिवर्तन रमजानच्या महिन्यातच घडले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्यांचे उत्तर असे की, ईश्वराला माणसाच्या तागडीत बसवू नये. त्याच्या करणीमागचे प्रत्येक कारण आपल्याला उलगडेलच असे नाही. आज जगातल्या बहुसंख्य सुन्नी मुसलमानांच्या धर्मशास्त्रावर याच विचाराचा आणि त्याच्या जवळच्या मातुरीदी विचाराचा ठसा आहे. तर्काच्या बाजूने पाहिले तर तीन भावांची गोष्ट बिनतोड आहे. दुःखाचे पूर्ण गणित मांडायला गेलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बाळापाशी येऊन अडतो. मात्र या विनम्र उत्तराला एक चोरवाट आहे आणि ती राज्यकर्त्यांनी अशअरींच्या कितीतरी आधीच शोधली होती. उमय्या घराण्याचे सत्ताधारी आपली सत्ता आणि आपला जुलूम ही अल्लाहचीच मर्जी असल्याचे भासवत. रयतेने सोसायचे आणि कारण विचारायचे नाही. माणसाला कर्माचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणाऱ्या आरंभीच्या विचारवंतांचा राग मुळात याच सोयीस्कर नशिबावर होता.

हा प्रकार अरबस्तानापुरता नाही, हे महाराष्ट्राच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर नेमके इथेच बोट ठेवले. गरीब आणि दलित माणसाच्या हालांना त्याचेच मागचे जन्म जबाबदार धरले की राज्य आणि समाज हात झटकायला मोकळे होतात, असा त्यांचा आक्षेप होता. एकीकडे नशीब, दुसरीकडे प्रारब्ध. शब्द वेगळे, सोय तीच. ज्याला सोसावे लागते त्यालाच दोषी ठरवले की बाकीच्यांना निवांत झोप लागते.

दुःख आले की दोषी शोधण्याची घाई होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गावे दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे गेली. कुणाच्या पापामुळे हे झाले, याची कुजबुज अशा प्रत्येक संकटानंतर होते. प्रत्यक्षात माणसे मेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मणामणाच्या ओझ्याखाली. धरणीकंप निसर्गाचा होता, पण घर कसे बांधावे हे माणसाच्या हातात होते. त्यानंतर उभ्या राहिलेल्या घरांत भिंती बांधून धरणारे पट्टे आले, ते याच समजुतीतून. त्याच्या साठ वर्षे आधी, जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे खुद्द गांधीजी म्हणाले होते. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू शुद्ध होता, अस्पृश्यता हे पाप होते यातही शंका नाही. पण त्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत ज्यांनी अस्पृश्यता सोसली तेही असणारच. त्यांना शिक्षा कशाची? या वादात टागोर बरोबर होते, असेच म्हणावे लागेल.

कोरोनाच्या साथीत तर दोन्ही बाजूंनी बोटे उठली. काही मुसलमान वक्ते ही साथ म्हणजे दुसऱ्यांवरचा अल्लाहचा कोप आहे असे सांगत सुटले, आणि दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमानंतर अख्ख्या समाजालाच साथीचे कारण ठरवण्याची लाट आली. भाजीच्या गाड्यावरच्या माणसाला नाव विचारले जाऊ लागले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातशी संबंधित परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची चिन्हे दिसतात, असे निकालात नोंदवले. विषाणूला धर्म नसतो, हे कळायला निकालपत्राची गरज पडावी, हीच खरी खंत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात या घाईला दिलेले एक उत्तर आहे. त्यांचा मुलगा इब्राहिम जेमतेम दीड वर्षांचा असताना वारला. शेवटच्या घटका मोजणाऱ्या बाळाला त्यांनी मांडीवर घेतले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. एका साथीदाराने आश्चर्याने विचारले, आपणही? त्यावर हे अश्रू म्हणजे करुणा आहे, असे ते म्हणाले. डोळे रडतात, काळीज दुखते, पण तोंडून तेच निघेल जे पालनकर्त्याला आवडेल. त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या मुलाच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. अनुयायांची श्रद्धा आपसूक वाढत होती, गप्प राहिले असते तरी चालले असते. पण प्रेषितांनी लोकांना नमाजला उभे केले आणि नंतर स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. पोटचे लेकरू गेलेल्या बापाने त्याच दिवशी हे सांगावे, याची बरोबरी तत्त्वज्ञानाच्या कुठल्या ग्रंथाने करायची?

कुरआनमध्ये माणसावर येणारे संकट त्याच्या हातांच्या कमाईचे असते आणि अल्लाह पुष्कळसे माफही करतो, अशा अर्थाची आयत आहे, हे खरे. तिचा आधार घेऊन लोक दुसऱ्याच्या आजारपणावर, अपघातावर, मूल नसण्यावर निकाल देतात. पण त्याच कुरआनमध्ये हजरत अय्यूब आहेत. त्यांचे सगळे गेले, देह व्याधीने पोखरला, आणि तरी ते निर्दोष होते. बायबलमध्ये हेच जॉब किंवा इयोब. तिथे त्यांचे मित्र समाचाराला येतात आणि तू काहीतरी पाप केलेच असशील, असा धोशा लावतात. शेवटी ईश्वर रागावतो तो त्या मित्रांवर. सर्वांत कठीण परीक्षा प्रेषितांच्या वाट्याला येते, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा ती आयत आरशासारखी वापरायची आहे, ज्याने त्याने आपल्यापुरती. शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकवायला ती दिलेली नाही. आजाऱ्याला भेटायला जावे, हे मुसलमानावर मुसलमानाचे कर्तव्य सांगितले आहे. भेटीला जाऊन त्याच्या दुखण्याचे कारण त्याच्याच चारित्र्यात शोधावे, असे कुठेही सांगितलेले नाही.

दुःखाकडून पुन्हा चुकीकडे यायचे, तर इस्लामी शास्त्रात अपराधांच्या दोन वह्या मानल्या आहेत. एक अल्लाहच्या हक्कांची, दुसरी बंद्यांच्या, म्हणजे माणसांच्या हक्कांची. नमाज चुकली, रोजा मोडला, हे पहिल्या वहीत. कुणाचे पैसे बुडवले, अब्रू घेतली, जमीन बळकावली, हे दुसऱ्या वहीत. दोन्हींचा हिशेब चुकता करण्याची रीत अगदी वेगळी आहे.

पहिल्या वहीविषयी हदीसमध्ये एक लोभस प्रसंग येतो. रमजानच्या दिवसांत एक माणूस धावत प्रेषितांकडे आला. आपण पार बुडालो, असे म्हणू लागला. झाले होते असे की, रोजा असताना दिवसा तो पत्नीजवळ गेला होता. याचे प्रायश्चित्त ठरलेले होते. प्रेषितांनी विचारले, एक गुलाम मुक्त करू शकशील? नाही. सलग दोन महिने रोजे ठेवशील? नाही. साठ गरिबांना जेवू घालशील? तेही नाही. तो तिथेच बसून राहिला. इतक्यात कुणीतरी खजुरांची टोपली आणली. प्रेषित म्हणाले, घे, ही दान करून टाक. तो म्हणाला, माझ्याहून गरिबाला? अख्ख्या मदिनेत माझ्या घराएवढे गरीब घर दुसरे नाही. प्रेषित इतके हसले की त्यांचे सुळे दिसले, आणि म्हणाले, जा, तुझ्याच घरच्यांना खाऊ घाल. रोजा मोडल्याचा अपराध घेऊन आलेला माणूस खजूर घेऊन घरी गेला. ईश्वराच्या हक्काच्या बाबतीत धर्म एवढा सैल होऊ शकतो.

दुसऱ्या वहीचा सूर बघा. प्रेषितांनी एकदा साथीदारांना विचारले, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ ना पैसा ना चीजवस्तू. प्रेषित म्हणाले, माझ्या लोकांतला खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेले असेल. मग त्याची पुण्ये एकेक करून त्या सगळ्यांना वाटली जातील. पुण्ये संपली आणि देणे उरले, तर त्यांची पापे याच्या माथी येतील. कूफ्याच्या मशिदीत तलवार घेऊन उभ्या असलेल्या त्या नमाजी माणसाची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

धर्मशास्त्रकारांनी यातून तौबाच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या अटी काढल्या. चूक सोडणे, तिची मनापासून लाज वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. आणि चूक माणसाची केली असेल तर चौथी अट: त्याचे त्याला परत करणे किंवा त्याच्याकडून माफी मिळवणे. ही चौथी अट रात्रभर जागून, अश्रू ढाळून, उमराहला जाऊन भागत नाही. तिच्यासाठी चप्पल घालून कुणाच्या तरी दारात जावे लागते. आणि समोरचा नाही म्हणू शकतो. त्याला तो अधिकार आहे.

इमाम गझाली तर आणखी पुढे गेले. बगदादच्या निजामिया विद्यापीठातले मानाचे पद १०९५ मध्ये सोडून दिलेला, ११११ मध्ये निधन पावलेला हा विचारवंत ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात तौबाचा एक पूर्ण खंड लिहितो. मोघम माफी पुरेशी नाही, असे त्यात त्यांचे म्हणणे आहे. काय केले ते सांगावे लागते. कारण अपराध नेमका किती मोठा होता हे कळले, तर कदाचित तो माणूस माफ करणार नाही. सांगण्याने जखम आणखी चिघळणार असेल तेवढाच अपवाद. शबेबरातच्या आणि रमजानच्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कहासुना माफ करना’ असा फुलाफुलांचा एकच निरोप शंभर जणांना जातो. ज्याचे खरोखर काही बिघडवले आहे, तो माणूस बहुधा त्या यादीत नसतोच. नऊशे वर्षांपूर्वीच्या गझालींनी तो निरोप नापास केला असता.

या दुसऱ्या वहीतली सर्वांत मोठी थकबाकी बाजारात सापडत नाही, घरातच सापडते. कुरआनने सूरह निसामध्ये वारसाचे वाटे अपूर्णांकांसह सांगितले आहेत. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. हा निम्मा न्याय्य की अन्याय्य, यावर सभा-संमेलनांत जोरदार वाद होतात. पुष्कळ घरांत मात्र तो निम्माही बहिणीपर्यंत पोहोचत नाही, यावर कुणी सभा भरवत नाही. वडील गेल्यावर भाऊ घर-दुकान वाटून घेतात आणि बहिणीकडून ‘माफ’ करवून घेतात. ती माफ करते, कारण नाही म्हटले तर माहेर तुटते. ईदला भाऊ येणार नाही, भाचीच्या लग्नात कुणी उभे राहणार नाही, ही भीती तिच्या सहीमागे असते. भीतीने दिलेली माफी ही माफी नव्हे, हे सांगायला फार मोठा मुफ्ती लागत नाही.

हे शेजारच्या आळीतही चालते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा दिला. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रे ओळीने होऊ लागली. साडीचोळी करायची, गाडीत बसवून आणायचे, अंगठा किंवा सही घ्यायची, हॉटेलात जेवू घालून परत सोडायचे. त्या रांगेत बुरखाही दिसतो, नऊवारीही दिसते. धर्मग्रंथ वेगवेगळे असतील, पण भावांची युक्ती एकच आहे.

तुकोबांचे उदाहरण या मातीतच आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. घरात सावकारी होती, लोकांकडे येणे होते. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. त्यांनी सोडले ते स्वतःचे येणे होते. इंद्रायणीत दुसऱ्याचे येणे बुडवणारा माणूस संत होत नाही, हा फरक हक्कसोडपत्र करवून घेणाऱ्या भावांनी लक्षात घ्यायला हवा.

देणे माणसाचा पाठलाग मरणानंतरही सोडत नाही, हे दाखवणारा मदिनेतला एक प्रसंग आहे. एका माणसाचा जनाजा आला. प्रेषितांनी विचारले, याच्यावर काही कर्ज आहे? दोन दिनार आहेत, असे कळले. प्रेषित मागे सरले. तुम्हीच नमाज पढा, असे लोकांना म्हणाले. तेव्हा अबू कतादा पुढे आले आणि ते दोन दिनार माझ्यावर, असे म्हणाले. मग नमाज झाली. दुसऱ्या दिवशी भेट झाल्यावर प्रेषितांनी पहिली चौकशी केली ती त्या दोन दिनारांची. ते फेडले गेल्याचे कळल्यावरच, आता त्याच्या कातडीला गारवा मिळाला, असे ते म्हणाले.

त्या प्रसंगाची सावली आजही गावोगाव दिसते. जनाजाची नमाज सुरू होण्याआधी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येतो. मरहूमकडे कुणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू, त्यांच्याकडून कुणाचे मन दुखावले असेल तर माफ करा, असे तो मोठ्याने सांगतो. आवाज बहुधा फाटलेला असतो. मागे, रस्त्याच्या कडेला, डोक्यावर रुमाल टाकून हिंदू मित्र, शेजारी, दुकानातले भागीदार उभे असतात. ही घोषणा त्यांच्यासाठीही असते, कारण बंद्यांच्या हक्कात धर्म विचारला जात नाही. क्षणभर सगळे शांत होते. कुणी मान हलवतो, कुणी डोळे पुसतो. मग रांगा सरळ होतात.

त्या गर्दीत मरहूमची बायको नसते. निकाहच्या दिवशी दोन साक्षीदारांसमोर ठरलेला तिचा मेहर पुष्कळदा निकाहनाम्यावरच राहिलेला असतो. तीस वर्षे, चाळीस वर्षे. तो पतीवरचे कर्जच आहे आणि वाटणी होण्याआधी ते फिटले पाहिजे, असे शास्त्र सांगते. कुरआन म्हणते की, स्त्रियांनी त्यातले काही राजीखुशीने सोडले तरच ते घ्यावे. घोषणा मैदानात होते. तिच्याकडे मात्र त्याआधीच, मय्यत उचलण्याच्या घाईत, घरातली कुणी वडीलधारी बाई येते, तिच्या खांद्यावर हात ठेवते आणि कानाशी म्हणते, मेहर माफ केलास म्हण. बाहेर डोला उचलायला माणसे खोळंबलेली असतात.